रेंज नाही म्हणजे नेमके काय नाही?

शहादा तालुक्यातले टेंभली हे गाव २९ सप्टेंबर २०१० रोजी देशभरच्या बातम्यांत झळकले. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक इथल्या आदिवासी रहिवाशांना देण्यात आले. त्या दिवसाच्या छायाचित्रांत कार्ड दिसते, मंडप दिसतो, पाहुणे दिसतात. नेटवर्क दिसत नाही, कारण त्या दिवशी त्याची गरजही नव्हती. बारा आकडी क्रमांक कागदावर छापता येतो. तो क्रमांक समोरच्या माणसाचाच आहे याची खात्री मात्र कागदावर होत नाही. त्यासाठी दर वेळी एक प्रश्न दूरच्या संगणकाकडे पाठवावा लागतो आणि तिथून ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर यावे लागते. पुढच्या दशकात रेशन, शिष्यवृत्ती, पेन्शन, बँकेतला पैसा अशी एकेक गोष्ट या प्रश्नोत्तराला बांधली गेली आणि नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः सातपुड्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत, एक वाक्य सरकारी कामाचे जणू कायमचे उत्तर होऊन बसले: ‘नेट नाही.’ कधी ते ‘रेंज नाही’ होते, कधी ‘सर्व्हर डाऊन आहे’, कधी ‘अंगठा लागत नाही’. ऐकणारा या चारही वाक्यांचा अर्थ एकच घेतो, तो म्हणजे आज काम होणार नाही, उद्या या. या प्रकरणाचे म्हणणे असे की ही चार वाक्ये चार वेगवेगळ्या बिघाडांची आहेत, त्यांची यंत्रे वेगळी आहेत, त्यांना जबाबदार असलेली माणसेही वेगळी आहेत, आणि कोणता बिघाड कुठे झाला हे यंत्रांना बहुतेक वेळा ठाऊक असते. ते ज्ञान यंत्रातून बाहेर येऊन माणसाच्या हाती पडत नाही, एवढाच तो पेच आहे. तो समजून घ्यायचा तर नेटवर्क नावाची वस्तू आधी हवेतून जमिनीवर आणावी लागेल.

स्वस्त धान्य दुकानातल्या ई-पॉस मशीनवर टेकवलेला अंगठा घेऊ. मशीनला जोडलेला स्कॅनर बोटावरच्या रेषांचे आकड्यांत रूपांतर करतो आणि तो मजकूर तिथल्या तिथे कुलूपबंद करतो, म्हणजे वाटेत कुणी पाहिला तरी त्याला तो वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात बदलतो. आकार म्हणाल तर ही माहिती काही किलोबाइटची, फोनवरच्या एखाद्या छायाचित्राच्या पासंगालाही न पुरणारी. मशीनमधले सिमकार्ड आणि मोडेम तिला रेडिओलहरींवर चढवून जवळच्या टॉवरकडे फेकतात. टॉवरवरचा अँटेना ती पकडतो आणि पायथ्याच्या कपाटातले यंत्र तिचे पुन्हा आकडे करते. इथे बिनतारी प्रवासाचा पहिला टप्पा संपला. पुढे टॉवरपासून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत माहिती एकतर ऑप्टिकल फायबरमधून जाते किंवा एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरकडे रोखलेल्या गोल मायक्रोवेव्ह तबकड्यांवरून. तिथून मोबाइल कंपनीचे मुख्य जाळे, राज्याच्या पुरवठा यंत्रणेचा सर्व्हर, आणि तिथून परवानाधारक मध्यस्थाच्या स्वतंत्र जोडणीवरून आधार प्राधिकरणाचे माहितीकेंद्र. अशी केंद्रे बंगळुरू आणि मानेसर इथे आहेत. उत्तर याच मार्गाने उलटे परत येते. एवढा पल्ला म्हटल्यावर वाटते की अंतरामुळेच वेळ लागत असेल. पण काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. दीड हजार किलोमीटरला त्याला साडेसात मिलिसेकंद पुरतात. म्हणजे बंगळुरू अक्राणी तालुक्यातल्या धडगावपासून दूर नाही. धडगावचा एखादा पाडा धडगावपासून दूर आहे, आणि सगळी मेख त्या पहिल्या काही किलोमीटरांत आहे.

या वाटेवर भेटणारी यंत्रे मोजकीच आहेत. सर्वांत साधा तो स्विच. ग्रामपंचायतीच्या किंवा तहसीलच्या कार्यालयात चार-आठ संगणकांच्या वायरी ज्या डबीत येऊन मिळतात ती ही वस्तू. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा एक क्रमांक मिळालेला असतो. स्विच तो वाचतो आणि माहिती नेमक्या त्याच वायरीत सोडतो. त्याच्या आधी हब नावाचे यंत्र होते, ते आलेली माहिती सगळ्यांनाच वाटून टाकायचे. आता ते बहुतेक भंगारात गेले आहे. स्विचला आपल्या खोलीपलीकडचे काही कळत नाही. त्या पलीकडचे काम राउटरचे. तो आयपी पत्ता वाचतो आणि पुढचा टप्पा कोणता एवढेच ठरवतो. संपूर्ण मार्ग कोणत्याही एका राउटरला माहीत नसतो, आणि त्याची जरूरही नसते. या यंत्रांना जोडणाऱ्या तांब्याच्या वायरीची एक मर्यादा मात्र इथे नमूद केलीच पाहिजे, कारण नंदुरबारात तिला महत्त्व आहे. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ज्या इथरनेटची कल्पना मांडली, त्याची आजची नेहमीच्या वापरातली तांब्याची वायर १०० मीटरपर्यंतच चालवायची असा दंडक आहे. आता सातपुड्यातली वस्ती डोळ्यांपुढे आणा. इथे एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे येतात आणि एक पाडा एका टेकडीवर तर दुसरा ओढ्यापलीकडे असतो. ग्रामपंचायतीच्या खोलीपर्यंत फायबर आले तरी शाळा, अंगणवाडी आणि रेशन दुकान १०० मीटरच्या आत असतीलच असे नाही. पाडे तर नसतातच. तिथून पुढे पुन्हा फायबर टाका किंवा रेडिओलहरी सोडा. ‘ग्रामपंचायत जोडली’ आणि ‘गाव जोडले’ ही दोन वाक्ये मैदानी मुलखात जवळजवळ सारखी असतील. डोंगरात ती सारखी नाहीत.

आता थरांकडे येऊ. इतक्या निरनिराळ्या वस्तू, तांबे, काच, हवा, निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या काळात बनवलेल्या, एकमेकींशी बोलतात तरी कशा? १९७० च्या दशकात या प्रश्नाचे जे उत्तर निघाले ते अभियांत्रिकीतल्या सर्वांत सुंदर उत्तरांपैकी एक आहे, असे माझे मत आहे. उत्तर असे की काम एकावर एक थर रचून वाटून टाकायचे आणि प्रत्येक थराने खालच्याकडून एक ठरलेली सेवा घ्यायची, ती खालचा कशी देतो याची चौकशी करायची नाही. सर्वांत खालचा थर भौतिक. प्रकाश, वीज किंवा लहर या रूपात शून्य आणि एक पलीकडे पोचवणे हे त्याचे काम. त्यावरचा थर शेजारच्या यंत्रापर्यंतची जोडणी सांभाळतो. स्विच इथला रहिवासी. त्यावर आयपीचा थर, जो शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे करत साऱ्या जगभर पत्ता शोधतो. राउटर या मजल्यावर. त्यावर टीसीपीसारखा वाहतुकीचा थर. वाटेत हरवलेले तुकडे पुन्हा मागवून, ओळीने लावून, वरच्याला अखंड मजकूर देणे ही त्याची जबाबदारी. आणि सर्वांत वर उपयोजनाचा थर, म्हणजे ई-पॉसचा कार्यक्रम, बँकेचे ॲप, व्हॉट्सॲप. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांचा या दिशेचा शोधनिबंध १९७४ चा. अमेरिकेच्या आर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी-आयपी स्वीकारले. १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेने सात थरांचा ओएसआय आराखडा प्रसिद्ध केला. अभ्यासक्रमात तोच शिकवतात, पण प्रत्यक्षात चालते ते टीसीपी-आयपी. संशोधकांच्या मळलेल्या वाटेपुढे समित्यांचा नकाशा मागे पडण्याचे हे एकमेव उदाहरण नव्हे.

थरांच्या या उतरंडीची खरी ताकद एकमेकांविषयीच्या अज्ञानात आहे. व्हॉट्सॲपला खाली काच आहे की हवा हे ठाऊक नसते, म्हणून २-जी जाऊन ४-जी आले तेव्हा व्हॉट्सॲप नव्याने लिहावे लागले नाही. फायबर टाकणाऱ्याला त्यातून रेशन जाणार की सिनेमा हे ठाऊक नसते, म्हणून एकच तंतू दोन्हींना चालतो. उद्या टॉवरऐवजी उपग्रह आला तरी वरचे थर तेच राहतील. इंटरनेट पन्नास वर्षे टिकले आणि वाढले ते या शहाण्या अज्ञानामुळे. पण त्याची दुसरी बाजू अशी की खाली बिघाड झाला तर वरच्या थराला कारण कळत नाही, केवळ परिणाम कळतो: उत्तर आले नाही. ठरावीक वेळ वाट पाहून तो पडद्यावर काहीतरी मोघम लिहितो. जिथे बिघाड विरळा असतो तिथे हा मोघमपणा खपून जातो. पुण्या-मुंबईत तो त्रास पाच मिनिटांचा असतो आणि तोवर माणूस दुसरे काम करतो. ज्या माणसाने डोंगर उतरून, एक दिवसाची मजुरी सोडून रेशन दुकान गाठले आहे, त्याच्यासाठी त्या मोघम ओळीची किंमत एक दिवसाची मजुरी असते. अज्ञानाची किंमत अशी असमान पडते.

हे अज्ञान किती महाग पडू शकते याचा एक जुना दाखला इंटरनेटच्या स्वतःच्याच इतिहासात आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर कोसळला. दोन ठिकाणांतले अंतर हाकेच्या पल्ल्याचे होते. गर्दी झाली, तुकडे हरवू लागले, प्रत्येक संगणक हरवलेला तुकडा पुन्हा पाठवू लागला आणि गर्दी आणखी वाढली. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावर उपाय मांडला. तुकडा हरवला तर पुढे गर्दी आहे असे समजायचे आणि आपला वेग कमी करायचा. तारांच्या जगात हा निष्कर्ष बहुधा बरोबर ठरतो आणि त्यानेच इंटरनेट वाचवले. पण डोंगराच्या आडोशाला, अशक्त लहरीवर, तुकडा गर्दीमुळे हरवत नाही. तो लहर क्षीण असल्यामुळे हरवतो, आणि अशा वेळी वेग कमी करून काही साधत नाही. टीसीपीला हे कळण्याचा मार्गच नाही, कारण खाली तार आहे की हवा हे त्याने विचारायचे नाही असे ठरलेले आहे. मोबाइलच्या रेडिओथराने पुढे आपल्या पातळीवरच हरवलेले तुकडे परत मागवण्याची सोय करून हा दोष बराच झाकला, नंतरच्या काही पद्धतींनी हरवण्याऐवजी विलंब मोजायला सुरुवात केली. तरी सिग्नल अगदीच कमी असेल तिथे नेट नुसते मंद होत नाही, ते गुदमरते, ते काही अंशी यामुळेच.

आता जिल्ह्याचा नकाशा घ्या आणि त्यावर सर्वांत खालचा थर ठेवून पाहा. तापीच्या खोऱ्यातला मैदानी पट्टा, म्हणजे नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, हा जुन्या वाटांचा प्रदेश. सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग नंदुरबार आणि नवापूरमधून जातो. नवापूर स्थानकाची इमारत तर अर्धी महाराष्ट्रात आणि अर्धी गुजरातेत आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग अक्कलकुवा, तळोदा, शहादा ओलांडतो. तारा नेहमी वाटेच्या कडेने जातात. टेलिग्राफचे खांब रेल्वेच्या बाजूने गेले आणि रेल्वेच्या रेलटेल कंपनीचे फायबरही २००० नंतर रेल्वेच्याच जमिनीतून गेले. म्हणून ज्या मुलखाला शंभर वर्षांपूर्वी रेल्वे मिळाली त्याला नव्या शतकात इंटरनेटही आधी मिळाले. सातपुड्याला रेल्वे मिळाली नाही. तळोद्याहून धडगावला चढायचे तर चांदसैली घाट आणि अक्कलकुव्याहून मोलगीला जायचे तर देवगोई घाट. पावसाळ्यात दरडी कोसळून चांदसैलीचा रस्ता बंद पडतो, हे दरवर्षीचे दुखणे. रस्त्याच्या कडेने पुरलेल्या फायबरला दरड आणि ती उपसायला आलेला जेसीबी हे दोन्ही सारखेच वैरी. रेडिओलहरींची तऱ्हा आणखी वेगळी. मायक्रोवेव्हच्या दोन तबकड्यांना एकमेकी दिसाव्या लागतात, मध्ये डोंगर आला की तिसरा टॉवर हवा. फोनकडे येणारी लहर ७०० मेगाहर्ट्झची असेल तर दूर जाते आणि कडेने थोडी वळतेही. २१०० किंवा २३०० ची असेल तर लवकर थकते. तोरणमाळसारख्या उंच पठाराशेजारी खोल दऱ्या आहेत आणि डोंगराची सावली लहरींनाही पडते. टेकडीवर चढून ‘रेंज’ शोधणारी माणसे भौतिकशास्त्राला धरूनच वागत असतात. नर्मदाकाठी फोनला पलीकडच्या गुजरातचा किंवा मध्य प्रदेशाचा टॉवर सापडला तरी नवल नाही, कारण राज्यांच्या सीमा अँटेनाला समजत नाहीत.

पाठ्यपुस्तकात भौतिक थराच्या खाली काही नसते, पण डोंगरात एक थर असतो: वीज. टॉवर बॅटऱ्यांवर तग धरतो, मग डिझेलवर, आणि डिझेल घाटातूनच चढवावे लागते. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरलेला आहे, आणि त्याच धरणाच्या बुडिताची झळ अक्राणी-अक्कलकुव्यातल्या ३३ गावांना बसली. त्या बुडितातल्या मणिबेलीच्या परिसरात टॉवर उभारायचा तर आधी वीज कुठून आणायची हे ठरवावे लागते, हे त्या धरणाच्या काठावर बसून लिहिताना जरा विचित्र वाटते.

आता मूळ मुद्दा. कोणत्या थरात बिघाड आहे हे ओळखणे अवघड असते का? बहुतेक वेळा नसते. फोनवरच्या काड्या केवळ फोन ते टॉवर एवढाच टप्पा सांगतात. काड्या पूर्ण आणि नेट बंद, याचा अर्थ टॉवर जिवंत आहे आणि त्यामागचे फायबर किंवा तबकडी बहुधा गेली आहे. दुकानदाराने मशीन हातात धरून टेकडीवर जाण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या योजनेची, जी डबी बसवलेली असते, तिच्यावर प्रकाश येत नसल्याचे सांगणारा एक स्वतंत्र दिवा असतो. तो लाल झाला की फायबर तुटले किंवा निसटले. तालुक्याच्या केंद्रात ओटीडीआर नावाचे यंत्र तंतूत प्रकाशाचा ठोका सोडते, तुटलेल्या टोकावरून परतणारी चमक टिपते आणि तुटीची जागा काही मीटरच्या फरकाने सांगते. त्याहून मजेदार म्हणजे या जाळ्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणातच अशी तरतूद आहे की गावातल्या डबीची वीज गेली तर विझता विझता ती मुख्य केंद्राला शेवटचा निरोप धाडते, ज्याला अभियंते मरणघरघर अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. निरोप येऊन शांतता झाली तर वीज गेली. निरोपाशिवाय शांतता झाली तर तार तुटली. केंद्रात बसलेल्या यंत्राला हा फरक त्याच क्षणी कळतो. आणि सर्वांत वरच्या थरातले उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. आधार पडताळणीत बोट जुळले नाही तर ३०० क्रमांकाचा त्रुटिसंकेत येतो. हा संकेत पडद्यावर उमटला याचाच अर्थ लहर, टॉवर, फायबर, राउटर, सर्व्हर सगळे ठणठणीत आहे. प्रश्न गेला आणि उत्तर आले. खालच्या साऱ्या थरांना निर्दोष ठरवणारा हा पुरावा आहे. शेतात आणि दगडखाणीत झिजलेल्या बोटांच्या माणसाला अशा वेळी ‘नेट नाही, उद्या या’ असे सांगणे म्हणजे त्याला उद्याही तोच नकार देणे, कारण उद्या नेट असेल पण बोट तेच असेल. त्याला हवा असतो डोळ्याचा स्कॅनर, मोबाइलवरचा ओटीपी किंवा दुसऱ्या मार्गाने ओळख पटवण्याची सवलत. बिघाडाचा थर चुकला की उपायही चुकतो, तो असा.

यावर पहिला आक्षेप तंत्रज्ञांकडून येईल. ते म्हणतील, थर ही शिकवण्याची सोय आहे, प्रत्यक्षात ते एकमेकांत झिरपतात, वर सांगितलेली टीसीपीची गोष्टच त्याचा पुरावा आहे. बरोबर आहे. ढिला जोड असलेले फायबर तुटलेले नसते आणि धडही नसते. गर्दीत अडकलेल्या टॉवरवरची मंदी वरून सर्व्हरच्या मंदीसारखीच दिसते. काही बिघाड दोन थरांच्या सांध्यात राहतात आणि तज्ज्ञालाही चकवतात. पण आपल्याला नेटवर्कची रचना शिकवायची नाही, तक्रार योग्य दारात न्यायची आहे. बिघाड टॉवरच्या अलीकडे की पलीकडे, वीज की तार, सर्व्हर की बोट, एवढी चार-पाच खानी विभागणी झाली तरी बहुतेक तक्रारी आपापल्या मालकाकडे जातील. उरलेल्या थोड्या चकवतील. त्या थोड्यांसाठी सगळ्याच तक्रारी एका पोत्यात घालण्याचे समर्थन होत नाही.

दुसरा आक्षेप सामान्य माणसाच्या बाजूने येतो, आणि तो अधिक वजनाचा आहे. रेशन घ्यायला आलेल्या माणसाने हे सगळे का शिकावे? त्याला धान्य हवे, थरांची नावे नकोत. तत्त्वतः मान्य. मात्र विजेच्या बाबतीत हीच माणसे काय करतात ते पाहा. घरातला फ्यूज उडाला की डीपी जळाली, फीडर बंद आहे की भारनियमन चालू आहे, हे महाराष्ट्रातला कोणताही शेतकरी न शिकता ओळखतो आणि त्याप्रमाणे वायरमनला गाठतो किंवा वाट पाहत बसतो. दोन-तीन पिढ्यांच्या सवयीने त्याला विजेचे थर कळू लागले, कारण कुणाला जाब विचारायचा हे त्यावर अवलंबून होते. नेटवर्क इथे तुलनेने नवे आहे. शिवाय शिकण्याचा बोजा आधी दुसरीकडे पडायला हवा: दुकानदार, संगणक परिचालक आणि पुरवठा निरीक्षक यांच्यावर. मशीनवर उमटलेला संकेत नोंदवहीत जसाच्या तसा लिहायला तंत्रज्ञानाची पदवी लागत नाही.

तिसरे म्हणणे उपग्रहाचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले, त्यात गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव यांच्याबरोबर नंदुरबारचेही नाव आहे. मग घाट, दरड, टॉवर, मोजमाप हे सारे कशाला? जुने स्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असल्याने प्रश्नोत्तराला अर्धा सेकंद नुसत्या प्रवासातच जायचा. हे नवे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळे तो विलंब जवळपास संपला. ही प्रगती खरी आहे आणि दुर्गम पाड्यावरच्या शाळेला किंवा आरोग्य उपकेंद्राला ती फार उपयोगी पडेल. पण उपग्रह बदलतो तो सर्वांत खालचा भाग. तबकडीला सतत वीज लागते, मोकळे आकाश लागते, अरुंद दरीत आणि दाट झाडीत ते मिळेलच असे नाही. आणि तबकडीच्या खोलीपासून पाड्यापर्यंतचा १०० मीटरपलीकडचा प्रश्न जागच्या जागी राहतो. ३०० क्रमांकाचा संकेत तर उपग्रहावरूनही तितक्याच तत्परतेने येईल.

शेवटचा आक्षेप राजकीय आहे. नंदुरबार मागे आहे ते थर न समजल्यामुळे नव्हे, तिथे पैसा आणि लक्ष पोचले नाही म्हणून, असे कुणी म्हणेल. पण पैसा पोचलेला नाही असे सरसकट म्हणता येत नाही. २०१८ पासून हा केंद्र सरकारच्या यादीतला आकांक्षित जिल्हा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांच्या ७,२८७ गावांना मोबाइल सेवा देण्यासाठी ६,४६६ कोटी रुपये मंजूर झाले, त्यात महाराष्ट्र आहे. जुलै २०२२ मध्ये देशभरच्या २४,६८० गावांना ४-जी देण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना आली. लक्ष कुठे दिले जाते हे मात्र मोजण्याच्या एककावर ठरते. योजना गाव मोजते, माणसे पाड्यात राहतात. दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांत मोठ्या खंडाबद्दल ग्राहकाला भरपाई आहे, पण ती जिल्हा पातळीवरची सेवा २४ तासांहून अधिक बंद पडली तर. धडगाव आठवडाभर अंधारात आणि नंदुरबार शहर सुरू, अशा वेळी जिल्हा चालूच धरला जाणार. सहा तालुक्यांच्या सरासरीत दोन तालुके बुडून जातात. थर कोणता आणि ठिकाण कोणते हे नोंदीत आल्याशिवाय मागणीला धार येत नाही. ‘नेट द्या’ या मागणीला ‘दिले आहे’ हे उत्तर तयारच असते.

नेमक्या निदानाने मागणी कशी बदलते याचे एक उदाहरण भारतनेटच्याच आराखड्यात आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या मूळ योजनेत तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर एकमार्गी टाकायचे होते. मध्ये कुठेही तुटले की पुढची सगळी गावे गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींच्या सुधारित योजनेत ही रचना बदलून कड्याची करायचे ठरले, म्हणजे एका बाजूने तार तुटली तर माहिती उलट्या बाजूने फिरून पोचावी. सातपुड्यात असे कडे काढायला नकाशा अनुकूल आहे. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव, धडगावहून मोलगी, मोलगीहून देवगोई घाटाने अक्कलकुवा आणि तिथून महामार्गाने परत तळोदा. दोन घाट, दोन वेगळे डोंगर, एकाच दिवशी दोन्हीकडे दरड कोसळण्याची शक्यता कमी. मात्र दोन्ही तारा सोयीसाठी एकाच घाटातून, एकाच चरात टाकल्या, तर कागदावर ते कडेच राहील आणि पहिल्या दरडीला दोन्ही टोके एकदम तुटतील. म्हणून धडगावच्या माणसाने विचारायचा प्रश्न फायबर आले का हा नाही. दुसरी तार कोणत्या घाटातून आली, हा आहे.